कुठले आयुक्त?

बेलापूरच्या कोकण भवनाच्या दारात सुरक्षारक्षकाने विचारलं, "कुठल्या आयुक्तांकडे ताई? विभागीय की माहिती?" मी सुनावणीची नोटीस पुढे केली. "माहिती आयोग, कोकण खंडपीठ," म्हणत त्याने वाट दाखवली.

आम्हा ठाणेकरांना आयुक्त म्हटलं की आठवतात ते महापालिकेचे, नाहीतर पोलीस आयुक्त. महापालिकेत सभा महापौर चालवतात, पण 1949 च्या कायद्याने अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांच्या हाती दिलेत. माहिती आयुक्त असा कुठलाच कारभार चालवत नाहीत. कारभार करणाऱ्याला समोर बसवून जाब विचारतात, आणि तोही माझ्यासारखीच्या वीस रुपयांच्या अपिलावरून. मला हे फार मोलाचं वाटतं.

आईच्या गावी घरासमोर बांधलेलं गटार दुसऱ्याच पावसाळ्यात खचलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी जोडपत्र 'अ', म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज भरला आणि संबंधित कार्यालयाकडे त्या कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही मागितली. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे केलं. "देऊन टाका," असं ते माझ्यादेखत म्हणाले, पण हातात काहीच पडलं नाही. मग 90 दिवसांच्या मुदतीत जोडपत्र 'क', म्हणजे दुसरं अपील. अर्ज देताना आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या आणि ती प्रत जिवापाड जपा. माझं सगळं प्रकरण त्या शिक्क्यावर उभं होतं.

सुनावणी जेमतेम दहा मिनिटं चालली. आयुक्तांनी ती प्रत हातात घेऊन शिक्क्यावरची तारीख वाचली आणि माहिती अधिकाऱ्यांना, म्हणजे त्या कार्यालयात माझ्या अर्जाला उत्तर देणं ज्यांचं काम होतं त्यांना, विचारलं, "मिळाला होता ना अर्ज? मग तीस दिवसांत काय केलंत?"

"साहेब, माझी बदली झाली होती. चार्ज उशिरा मिळाला."

"कधी घेतलात चार्ज?"

माहिती अधिकाऱ्यांनी तारीख सांगितली. ती माझ्या अर्जाच्या आधीची होती. पुढे ते काही बोलले नाहीत.

आदेश झाला: पंधरा दिवसांत प्रत विनामूल्य द्या, आणि दंड का करू नये याचा लेखी खुलासा करा. हा दंड दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, आणि तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

बाराव्या दिवशी प्रत आली. पुस्तिकेत गटाराची लांबी 60 मीटर. रविवारी गावी जाऊन भावाला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि आईच्या उंबऱ्यापासून वळणापर्यंत, मग वळणापासून नाल्यापर्यंत मोजत गेले. 41 भरली.