कोलोसियम : भोकांकडे नीट बघा

रोमच्या मेट्रोने कोलोसेओ स्थानकावर उतरून बाहेर आलं की कोलोसियम, म्हणजे प्राचीन रोमनांचं खेळ बघायचं भलंमोठं प्रेक्षागार, थेट समोरच उभं असतं. मी आणि आई सकाळच्या पहिल्या वेळेचं तिकीट काढून गेलो होतो आणि तेच योग्य ठरलं. दहानंतर आत पाय ठेवायला जागा नव्हती.

तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर साधारण महिनाभर आधी खुली होतात. तिकिटावर नाव असतं आणि दाराशी ते ओळखपत्राशी ताडून बघतात, म्हणून पासपोर्टावर आहे तसंच नाव टाका. मोठी बॅग आणि काचेची बाटली आत नेता येत नाही. तळघराचं तिकीट वेगळं असतं आणि फार लवकर संपतं. तारीख ठरली की आधी तेच बघा.

बाहेरच्या भिंतीवर जिकडे तिकडे मूठ जाईल एवढी भोकं आहेत. आई म्हणाली, "अगं, तोफगोळ्यांची का ही?" तोफगोळ्यांची नाहीत. ट्रॅव्हर्टिन नावाच्या चुनखडी दगडाचे हे चिरे चुन्याविना रचलेले आहेत आणि आतून लोखंडी पकडींनी जखडलेले होते. लोखंड अंदाजे ३०० टन होतं म्हणतात. मध्ययुगात लोकांनी ते खणून काढून नेलं, भोकं तेवढी राहिली.

आत तळमजल्यावर एक लांब शिलालेख ठेवला आहे, त्याच्यापाशी थांबाच. वरची अक्षरं पाचव्या शतकातली आहेत, पण खाली आधीच्या, धातूच्या अक्षरांच्या खुंट्यांची भोकं दिसतात. १९९५ मध्ये गेझा अल्फल्दी या अभ्यासकाने नुसत्या भोकांच्या मांडणीवरून मूळ मजकूर जुळवला. त्याच्या वाचनानुसार ही इमारत युद्धाच्या लुटीतून बांधली गेली. ही लूट इ.स. ७० मध्ये पाडलेल्या जेरुसलेमची, असं मानतात. सम्राट व्हेस्पासियनने आधीचा सम्राट नीरो याच्या महालातलं तळं बुजवून काम सुरू केलं. इ.स. ८० मध्ये त्याचा मुलगा, सम्राट टायटसने १०० दिवसांचे खेळ करून ती खुली केली. त्या भोकांसमोर उभं राहिल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

आखाड्याची लाकडी जमीन आता बरीचशी राहिलेली नाही, त्यामुळे वरूनही तळघराच्या भिंती दिसतात. जनावरं, माणसं आणि देखावे तिथूनच लाकडी लिफ्टने वर येत. लिफ्ट ओढायला गुलाम असत. खेळ बघणाऱ्यांना हे काही दिसत नसे.

जिने उंच आणि खडे आहेत. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे, कर्मचाऱ्यांना विचारा. त्याच तिकिटात शेजारचा फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटाइन टेकडीही येते, पण तिथे सावली कमी आहे. उन्हाळ्यात टोपी हवीच. रिकामी प्लास्टिकची बाटली ठेवा, शहरभर पिण्याच्या पाण्याचे नळ सतत वाहत असतात.

निघताना सरळ मेट्रोकडे वळू नका. इमारतीला वळसा घालून पूर्वेच्या टोकाला जा. भूकंपांनी खिळखिळी झालेली भिंत तिथे १८०७ च्या सुमारास विटांचा मोठा टेकू देऊन वाचवली. कमानी सरळ करत बसायला सवड नव्हती, म्हणून त्या होत्या तशाच विटांनी भरून टाकल्या. मधला चिरा खाली घसरलेला आहे, शेजारचे चिरे कललेले आहेत आणि सगळं तसंच थांबलेलं आहे. आई तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभी होती.