भारासह घाट: सातारा, कास, बामणोली, तापोळा

सातारा, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, वाई आणि पुन्हा सातारा ही फेरी तंबू व स्वयंपाकाच्या सामानासह सायकलवर करायची, असे आम्हा चौघा मित्रांचे पावसाळ्यापासून ठरत होते. डिसेंबरच्या कोरड्या हवेत ती सुरू झाली आणि साताऱ्याहून तापोळ्याला पोहोचण्याच्या दिवसाची ही नोंद आहे. निव्वळ अंतर पाहिले तर हा दिवस किरकोळ वाटेल, कारण बामणोलीपर्यंतचा रस्ता जेमतेम चाळीस किलोमीटरच्या घरात आहे आणि त्यापुढचा प्रवास पाण्यावरून होतो. परंतु सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, कास पठार १,२०० मीटरच्या आसपास आणि बामणोलीचा काठ पुन्हा ६६० मीटरच्या जवळपास आहे. अर्ध्या किलोमीटरची उंची कमवायची आणि लगेच तेवढीच, किंबहुना थोडी अधिक, घालवायची, असा हा दिवस असल्यामुळे भाराची मांडणी आणि ब्रेक यांची तयारी आम्ही इतर सर्व गोष्टींच्या आधी केली.

माझ्या सायकलमध्ये या फेरीसाठी केलेला महत्त्वाचा बदल गिअरचा आहे. पूर्वी सर्वांत हलका गिअर पुढे ३० दाते आणि मागे ३२ दाते असा होता. आता पुढे २६ आणि मागे ३४ आहे. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पूर्वी जवळजवळ दोन मीटर पुढे जात असे, ती आता १.६ मीटर जाते. मिनिटाला साठ फेरे या संथ लयीत हा वेग ताशी सातवरून पावणेसहा किलोमीटरवर येतो. चालणाऱ्या माणसापेक्षा हा वेग फार अधिक नाही. परंतु मी, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन सात टक्क्यांच्या चढावर नेण्यासाठी पूर्वीच्या गिअरमध्ये सुमारे १५० वॅट लागत, तेथे आता १२० वॅट पुरतात. हा तीस वॅटांचा फरक दहा मिनिटांत जाणवत नाही, दोन तासांनी मात्र मांड्यांना पुरता जाणवतो. भारासह घाट चढण्याचा विचार करणाऱ्यांनी नवी हलकी सायकल शोधण्याआधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच, बदलून पाहावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

समर्थ मंदिराजवळून रस्ता यवतेश्वरच्या घाटाला लागतो. सकाळी लवकर निघाल्याने पहिली वळणे सावलीत झाली आणि शहर व अजिंक्यतारा हळूहळू पायाखाली जाऊ लागले. याच चढावर दरवर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे धावपटू धावतात, त्यामुळे पहाटे सराव करणारी मंडळी भेटतात आणि लादलेल्या सायकली पाहून आपणहून बाजूला होतात. एकमेकांच्या वेगाशी जुळवून घेण्याचा प्रयत्न आम्ही घाटात करत नाही. प्रत्येकाने आपल्या श्वासाच्या लयीत चढावे आणि ठरलेल्या ठिकाणी थांबावे, हा आमचा नियम आहे. कारण दुसऱ्याच्या मागे राहण्यासाठी लय मोडली की दमछाक दोघांचीही होते. तोंडात टाकायला राजगिऱ्याचे लाडू आणि साताऱ्याचे कंदी पेढे होते. कंदी पेढ्याचा खवा चांगला भाजलेला असल्याने तो प्रवासात टिकतो, उन्हात चॉकलेटसारखा वितळत नाही आणि एका घासात साखरेबरोबर थोडा स्निग्धांशही मिळतो. आमच्या परिसरातील लांब पल्ल्याच्या सायकलस्वारासाठी याहून चांगला खाऊ मला माहीत नाही.

यवतेश्वरपासून पुढे चढ सौम्य होतो आणि मधूनमधून उतारही येतात. डिसेंबरमध्ये कासच्या पठारावर फुलांचा मागमूस नसतो. वाळलेले पिवळे गवत आणि त्यातून डोकावणारा जांभा दगड एवढेच दिसते. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ मध्ये समाविष्ट झालेले हे पठार सप्टेंबरमध्ये माणसांनी भरून जाते, तरी मला ते या दिवसांत अधिक समजते. एवढ्या पातळ मातीच्या थरावर पावसाच्या पाण्याने इतकी फुले कशी येत असतील, हा प्रश्न उघड्या खडकाकडे पाहूनच नीट पडतो. आम्ही सायकली डांबरी रस्त्यावरच ठेवल्या आणि चहाची तलफ असूनही स्टोव्ह बाहेर काढला नाही, कारण या गवतात एक ठिणगी वणव्याला पुरेशी असते. पुढे कास तलाव लागतो. साताऱ्याला पिण्याचे पाणी येथून जाते, म्हणून काठावर हातपाय धुण्याचा मोहही टाळला आणि रस्त्यालगतच्या छोट्या हॉटेलात पिठले-भाकरी खाऊन बाटल्या भरून घेतल्या.

बामणोलीकडे उतरण्याआधी आम्ही अर्धा तास फक्त सामानावर घालवला, आणि दिवसातील हा वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. सगळा भार मागच्या कॅरिअरवर असेल तर चढावर पुढचे चाक हलके पडते आणि उतारावर वेग वाढताच हँडल थरथरू लागते. माझ्या २२ किलो सामानापैकी नऊ किलो पुढच्या फोर्कवरील (पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्यावरील) दोन पॅनिअरमध्ये, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, आसाच्या जवळ, खाली ठेवले आहेत. त्यांत तांदूळ, स्टोव्ह, हत्यारे अशा लहान आणि जड वस्तू आहेत, तर तंबू, स्लीपिंग बॅग आणि कपडे मागे आहेत. आमच्यातील मिरजेच्या मित्राने पुढे कॅरिअर नसल्याने आपला जड माल सायकलीच्या चौकटीतील त्रिकोणी पिशवीत हलवला आणि तेवढ्यानेही त्याची सायकल स्थिर झाली.

उताराचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. १०० किलो वजन सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते तेव्हा जवळजवळ ५४० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. दीड लिटरहून अधिक पाणी उकळायला ती पुरेल. तिच्यातील काही भाग हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण घेते, परंतु वेग जितका कमी ठेवावा तितका हवेचा वाटा घटतो आणि उरलेली सगळी उष्णता ब्रेकला पचवावी लागते. रिम ब्रेक असलेल्या सायकलीत ही उष्णता ट्यूबपर्यंत पोहोचते, हे तर आणखी जपण्यासारखे आहे. म्हणून ब्रेक सतत हलके दाबून ठेवण्याऐवजी आम्ही वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावत होतो, वेग पुरेसा उतरला की सोडून देत होतो आणि सरळ तुकड्यावर आमच्या डिस्क ब्रेकच्या चकतीला वारा लागू देत होतो. दोन ठिकाणी मुद्दाम थांबून ब्रेक निवू दिले. समोरून एसटी आली की रस्त्याच्या कडेला थांबायचे हेही आधीच ठरलेले होते, कारण अरुंद वळणावर मोठ्या गाडीला जागा देण्यासाठी भरलेली सायकल ऐनवेळी कडेच्या खडीवर उतरवणे धोक्याचे असते.

बामणोलीला पोहोचल्यावर समोर शिवसागर पसरतो. कोयना धरणामुळे तयार झालेला हा जलाशय कोयनेबरोबर सोळशी आणि कांदाटी यांच्या खोऱ्यांतही शिरला आहे; या पाण्याखाली अनेक गावांची शेते गेली आणि माणसे दूरदूर जाऊन वसली, याची आठवण ठेवूनच येथे तंबू ठोकावा असे मला वाटते. सायकली लाँचमध्ये चढवण्याआधी सर्व पॅनिअर उतरवून तळाशी ठेवले. आम्ही सायकली आडव्या रचू लागलो तेव्हा लाँचवाले मामा म्हणाले, "आडव्या नका घालू पाव्हणं, उभ्याच बांधा, म्हंजी एकमेकींस्नी घासणार न्हाईत." त्यांचे म्हणणे योग्य होते, मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) दुसऱ्या सायकलीच्या आऱ्यांत अडकून वाकण्याची भीती आडव्या रचनेत फार असते. उभ्या सायकली दोरीने कठड्याला बांधून आणि लाइफ जॅकेट घालून आम्ही दिवस कलण्याच्या आत तापोळ्याला उतरलो.

आसपासचा बराच भाग अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा असल्याने वाटेल तेथे मुक्काम करता येत नाही. आम्ही एका शेतकरी कुटुंबाच्या परवानगीने त्यांच्या पडीक वावरात तंबू लावले. अगदी पाण्यालगतची जागा दिसायला सुंदर होती, तरी ती सोडून थोडे वर, आंब्याच्या झाडाजवळ आलो. निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून खाली साचते आणि पाण्याजवळच्या दमट हवेमुळे तंबू आतून ओला होतो. वरच्या बाजूची झडप दोन्हीकडून उघडी ठेवल्याने सकाळी स्लीपिंग बॅग कोरडी होती. तंबू पूर्ण बंद करून झोपलेल्या कराडच्या मित्राच्या तंबूतून मात्र थेंब पडत होते. रात्री मसालेभात केला, आणि पाणी काकूंच्या घरून मिळाले असले तरी उकळूनच बाटल्यांत भरले.

झोपण्याआधी सर्व सायकलींचे ब्रेक पॅड तपासले. माझ्या मागच्या पॅडची झीज पुढच्यापेक्षा अधिक दिसली, म्हणजे उतारावर उजवा हात नकळत जास्त काम करत होता. पुढच्या ब्रेकची केबल अर्धा फेरा ताणून त्याच्या पॅडचे चकतीपासूनचे अंतर कमी केले आहे. तापोळा ते महाबळेश्वर हा सुमारे ७०० मीटरचा चढ उन्हाआधी निम्मा व्हावा म्हणून पहाटे साडेपाचला निघायचे ठरले असून, त्यासाठी मिरजेच्या मित्राचे तीन किलो सामान आम्ही तिघांनी वाटून घेतले आहे, कारण त्याच्या कॅसेटची सर्वांत मोठी चकती अजून २८ दात्यांचीच आहे.