तुम्ही विचारलंत म्हणून : त्या दगडांच्या राशीत एवढं काय बघायचं?

"सुट्टी मिळाली की उठून त्या टेकड्यांवर काय जाता? वर आहे काय, दगडांची रासच ना?"

डब्लिनमध्ये राहणाऱ्या मला हा प्रश्न सगळ्यांनी विचारून झालाय. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी, इथल्या गणपतीत भेटणाऱ्या मंडळींनी, फोनवर आत्यानं. प्रश्न रास्त आहे. ज्यानं राजगड-तोरणा केलाय त्याला माथ्यावर तटबंदी हवी असते, बुरूज हवा असतो, टाक्यातलं गार पाणी हवं असतं. इथली टेकडी जेमतेम तीनशे मीटरची. बघता बघता माथा येतो, आणि तिथे वारा, मेंढ्या आणि करड्या दगडांचा एक ढीग. फोटोतही तो धड येत नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तो ढीग पाच हजार वर्षं टिकला त्यात गोष्टींचा वाटा फार मोठा आहे. लोकांनी त्याला कुणाचं तरी घर मानलं, कुणाची तरी कबर मानलं, आणि हात लावला नाही. मी जाते ती दगड आणि गोष्ट दोन्ही एका जागी बघायला. गोष्ट माहीत नसताना चढलात तर खरंच नुसते दगड दिसतील.

आयर्लंडच्या वायव्येला, स्लायगो शहराजवळची नॉकनरे टेकडी घ्या. अटलांटिकच्या काठाला एकटी उभी, 327 मीटर उंच, माथा सपाट. त्या माथ्यावर सुमारे 55 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच दगडांची रास आहे आणि ती कित्येक मैलांवरून दिसते. ही रास मेव्ह राणीची, असं तिकडचं शाळकरी पोरही सांगेल.

मेव्ह ही कॉनॉटची, म्हणजे पश्चिमेकडच्या प्रांताची राणी. एका रात्री अंथरुणात नवऱ्याशी तिची वादावादी जुंपली, की दोघांत श्रीमंत कोण? मग भांडीकुंडी, दागिने, मेंढ्या, घोडे, डुकरं सगळं आणून समोरासमोर मोजलं. तंतोतंत बरोबरी. फक्त नवऱ्याकडे पांढऱ्या शिंगांचा एक बैल जास्त. तो जन्मला होता मेव्हच्याच कळपात, पण बाईच्या मालकीचं राहणं त्याला कमीपणाचं वाटलं म्हणून तो राजाच्या कळपात जाऊन राहिला! त्याच्या तोडीचा बैल उत्तरेला अल्स्टरमध्ये होता. तो आणायला मेव्ह फौज घेऊन निघाली, आणि जुन्या आयरिश साहित्यातलं सगळ्यात मोठं वीराख्यान त्या बैलापायी घडलं. मेल्यावर तिला या राशीत चिलखतासकट उभी पुरली, तोंड अल्स्टरच्या शत्रूकडे करून, असं सांगतात.

इतिहासाच्या हिशेबात हे बसत नाही. रास आहे नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांची, मेव्हच्या कथा त्यानंतर हजारो वर्षांनी आल्या आणि मध्ययुगात मठांतल्या भिक्षूंनी त्या लिहून काढल्या. राशीचं उत्खनन आजवर झालेलं नाही. आत दगडी वाट आणि दफनाची खोली असावी असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मला हे अंतर खटकत नाही. ज्यांनी रास रचली त्यांची भाषा गेली, देव गेले, नावं गेली. मागून आलेल्यांनी ती बेवारस राहू दिली नाही, आपल्यातली सगळ्यात दांडगी बाई तिथे नेऊन बसवली.

तिथे जायच्या वाटा दोन. स्ट्रँडहिलच्या बाजूची वाट झाडीतून, लाकडी फळ्यांवरून वर चढते, आणि मी तीच धरते. खाली सूचिपर्णी झाडांचा अंधार असतो, बुंध्यांवर शेवाळ, पावलांचा आवाजसुद्धा मऊ होतो. मग झाडी एकदम संपते आणि समुद्रावरचा वारा थेट तोंडावर येतो. वर पोचल्यावर उत्तरेला बेनबल्बेनचा कापलेला माथा दिसतो, आणि खाली पूर्वेच्या शेतांमध्ये कॅरोमोरची दगडी वर्तुळं आणि शिळाकोठ्या विखुरलेल्या दिसतात. त्यातल्या तीसेक अजून उभ्या आहेत. वर जाताना एक दगड नेऊन राशीवर टाकायचा अशी जुनी चाल होती. आता राशीवर चढू नका, तिथला दगड हलवू नका, असं बजावून सांगतात आणि ते बरोबरच आहे. इतक्या पायांनी ती खचायला लागली आहे.

या राशींमध्ये राहतं कोण, याचंही उत्तर गोष्टींत आहे. आयर्लंडवर आधी तूअहा डे डनन या देवांसारख्या लोकांचं राज्य होतं. माणसांच्या पूर्वजांनी त्यांना हरवलं तेव्हा जमिनीची वाटणी झाली: वरची माणसांना, खालची त्यांना. ते टेकड्यांच्या पोटात राहायला गेले. इंग्रजीत त्यांना परी म्हणतात, पण पंखवाली नाजूक परी डोळ्यांसमोर आणू नका. हे लोक माणसाएवढे, मानी, आणि वाटेला गेलं तर सूड उगवणारे. गावाकडची माणसं त्यांचं नावही घेत नसत, 'ती भली मंडळी' म्हणत.

या धाकाचा परिणाम जमिनीवर दिसतो. शेतांमध्ये जागोजागी मातीचा गोल बांध आढळतो, वर झाडं माजलेली. खरं तर या दीड हजार ते हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वाड्यांच्या खुणा. देशभरात अशा सुमारे 45,000 जागा नोंदवल्या आहेत. लोक त्यांना परींचे गड मानत. तिथे नांगर घालायचा नाही, झाड तोडायचं नाही, नाहीतर गुरं मरतात, घरातलं माणूस अंथरूण धरतं. त्यामुळे बाजूचं सगळं शेत नांगरलेलं आणि मध्ये हे वर्तुळ शाबूत, असं दृश्य आजही दिसतं. आपल्याकडच्या देवराया अशाच राहिल्या. देवाची काठीसुद्धा उचलायची नाही या भीतीनं जे जंगल वाचलं, ते नंतरच्या कायद्यांना सगळीकडे वाचवता आलं नाही.

ही फार जुनी गोष्ट नाही. 1999 मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड हॉथॉर्नचं, म्हणजे एका काटेरी जातीचं एकटं झाड येत होतं. एडी लेनिहन या कथाकारानं आवाज उठवला: मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या परी कॉनॉटच्या परींशी लढायला जाताना या झाडापाशी जमतात, ते तोडलं तर त्या रस्त्यावर अपघात होतील. चर्चा परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेली, आणि झाड वाचेल अशा बेतानं रस्ता झाला.

पण गोष्ट प्रत्येक वेळी जिंकत नाही, हेही सांगायला हवं. विसाव्या शतकात मोठी यंत्रं आली आणि कितीतरी गोल बांध सपाट झाले. टॅरा ही तर राजांच्या अभिषेकाची टेकडी, आयरिश पुराणकथांचं हृदय. तिच्या शेजारच्या खोऱ्यातून एम-3 हा महामार्ग न्यायचं ठरलं. 2007 मध्ये त्याच मार्गावर लिसमलिन इथे लोहयुगातलं एक मोठं वर्तुळाकार स्थळ सापडलं, लोकांनी निदर्शनं केली, तरी 2010 मध्ये रस्ता सुरू झाला. टॅराच्या माथ्यावर गवतात उभं राहिलं की मला त्या रस्त्याचा राग येतो. डब्लिनला लवकर पोचण्यासाठी त्या खोऱ्याचा बळी द्यायला नको होता.

डब्लिनच्या अगदी जवळ बघायचं तर माँटपिलियर टेकडी. शहराच्या दक्षिणेला, 383 मीटर. गाडीतळापासून सरकारी वनसंस्थेच्या जंगलातून चढायचं आणि वर एक काळवंडलेली दगडी इमारत, हेलफायर क्लब. विल्यम कॉनली हा आयरिश संसदेचा सभापती, त्या काळातला गडगंज माणूस. त्यानं 1725 च्या सुमारास शिकारीसाठी ही इमारत बांधली, आणि बांधायला दगड घेतले ते माथ्यावरच्या प्राचीन राशीतले. थोड्याच दिवसांत वादळात छप्पर उडालं. लोक म्हणाले, रास मोडलीत ना, भोगा आता. कॉनलीनं मग दगडी कमानीचं छप्पर घातलं. ते आजही आहे. पुढे तिथे उनाड सरदारपुत्रांचा अड्डा जमला आणि नव्या गोष्टी आल्या. सगळ्यांना माहीत असलेली अशी: वादळी रात्री एक अनोळखी पाहुणा पत्ते खेळायला बसतो, कुणाचा तरी पत्ता खाली पडतो, उचलायला वाकलेल्याला टेबलाखाली पाहुण्याच्या पायाच्या जागी दुभंगलेले खूर दिसतात.

बहुतेक लोक इमारतीत डोकावतात, समोरचा डब्लिनचा उपसागर बघतात आणि उतरतात. मी सोबत असेन त्यांना इमारतीच्या मागे नेते. तिथे गवताखाली एक बसका गोल उंचवटा आहे, मधोमध खळगा. हीच ती मोडलेली रास. 2016 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदलं, तेव्हा हे खरोखर वाट असलेलं मोठं थडगं होतं हे पक्कं झालं, आणि कोरीव खुणा असलेला एक दगडही मिळाला. सैतानाच्या पत्त्यांची गोष्ट कितीही रंगतदार असली तरी मला छपराची गोष्ट जास्त मोलाची वाटते. लोकांनी त्या जागेचं मूळ लक्षात ठेवलं होतं.

गोष्टी किती मागचं लक्षात ठेवतात, याचं सगळ्यात मोठं उदाहरण न्यूग्रेंज. तिथे टेकडी चढायची नाही, तिकीट काढून जायचं, म्हणून थोडक्यात. इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमाराचं हे थडगं. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओ'केली यांच्या कानावर गावातली समजूत येत होती की वर्षातल्या कुठल्यातरी दिवशी सूर्य आतपर्यंत पोचतो. 21 डिसेंबर 1967 च्या पहाटे ते आत जाऊन बसले, आणि दारावरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप सरळ शेवटच्या खोलीपर्यंत आली. जुन्या कथेत याच जागी दाग्दा हा देव नऊ महिने सूर्य थांबवून धरतो, म्हणजे बोआन या देवीला दिवस गेले ते आणि मूल झालं ते एकाच दिवसात! शेजारच्या डाउथच्या राशीबद्दल मध्ययुगीन ग्रंथात भाऊ-बहिणीच्या निषिद्ध संबंधाची कथा आहे. 2020 मध्ये न्यूग्रेंजमधल्या एका पुरुषाच्या हाडाचा डीएनए तपासला, तर त्याचे आई-वडील सख्खी भावंडं किंवा तितक्याच जवळच्या नात्यातले निघाले. त्यावरून तो राजा असावा असं तपासणाऱ्यांनी सुचवलं. त्याला काही पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप आहे आणि मलाही ती घाई वाटते. चार हजार वर्षं ही आठवण तोंडोतोंडी आली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सूर्याच्या बाबतीत गावकरी बरोबर होते, एवढं तर सिद्ध झालंच.

माझी सगळ्यात लाडकी टेकडी मीथ परगण्यातली लॉक्रू. हिला म्हातारीचा डोंगर म्हणतात. कॅल्याख ही प्रचंड म्हातारी, हिवाळ्याची मालकीण. ओच्यात दगड भरून एका टेकडीवरून दुसरीवर उड्या मारायच्या, सगळ्या उड्या जमल्या तर आयर्लंडचं राज्य तिचं. उडीगणिक ओच्यातून दगड सांडले, त्यांच्या राशी झाल्या. शेवटच्या उडीत तोल गेला आणि ती मेली. माथ्यावरच्या मोठ्या राशीच्या कडेला तिची खुर्ची आहे: कित्येक टन वजनाची एकच शिळा, दोन बाजूंना हातासारखे उंचवटे, बसायच्या जागेवर कोरलेला क्रूस. पावसाचं पाणी त्या क्रूसाच्या रेघांत साठून राहतं. राशीच्या पूर्वेकडच्या तोंडाशी लोखंडी दार आहे. आतल्या शेवटच्या दगडावर फुलं म्हणा, सूर्य म्हणा, अशी पाकळ्यांची वर्तुळं कोरलेली आहेत. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखी असताना, उगवत्या उन्हाचा चौकोन त्या दगडावर पडतो आणि एकेका वर्तुळावरून सरकत जातो. 1980 मध्ये मार्टिन ब्रेनन आणि जॅक रॉबर्ट्स यांनी हे टिपलं.

एक विनंती मात्र करते. हॉथॉर्नच्या झाडांना चिंध्या बांधायची जुनी पद्धत आहे. कापूस-लोकर कुजायची, कुजता कुजता दुखणं जाईल अशी श्रद्धा. आता लोक नायलॉनच्या फिती, प्लॅस्टिकच्या माळा बांधतात, खोडात नाणी ठोकतात. झाड गुदमरतं. आपण काही बांधू नये.

निघायच्या आधी एक काम करा. 1937 ते 1939 या काळात इथल्या लोककथा आयोगानं सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना कामाला लावलं: घरातल्या म्हाताऱ्यांकडून गावच्या गोष्टी, औषधं, झऱ्यांची आणि गडांची माहिती विचारा आणि वहीत लिहा. त्या वह्या 'दूखस' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ज्या टेकडीवर जायचंय तिथल्या गावाचं नाव टाका. त्या मुलांच्या वळणदार अक्षरात तुमच्या टेकडीची गोष्ट सापडायची शक्यता बरीच आहे.

बाकी तयारी साधी. घोट्यापर्यंतचे बूट घाला, कारण वाट उन्हाळ्यातही चिखलाची असते. जमीन बहुतेक कुणाच्या तरी मालकीची असते आणि शेतकरी मायेनं जाऊ देतो, तेव्हा फाटक उघडलंत तर लावून घ्या. डब्लिनला दोनच दिवस असाल तर माँटपिलियर, गाडी असेल तर लॉक्रूही. स्लायगोला मात्र दोन रात्री राहा: एक दिवस नॉकनरे आणि कॅरोमोर, दुसरा दिवस कॅरोकीलच्या राशींसाठी.