राणीची गोधडी

गुरुवार, रात्री साडेदहा

आईची गोधडी उसवली होती, ती आज सांधायला घेतली. तिच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा अजून शाबूत आहे. दोरा ओवताना सारखी लिलिउओकलानी आठवत होती.

हवाईची ही शेवटची राणी. १८९५ साली तिला होनोलुलूत तिच्याच इओलानी राजवाड्यात, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत जवळजवळ आठ महिने डांबलं. तिथे तिनं सोबतिणीबरोबर गोधडी शिवायला घेतली. त्या गोधडीचा फोटो मी कितीदा तरी पाहिलाय. रेशमाचे वेडेवाकडे तुकडे, सांध्यांवर भरतकाम, मधोमध हवाईचे झेंडे आणि कैदेची हकिगत तारखेसकट सुईनं लिहिलेली. वर्तमानपत्र द्यायला बंदी होती, पण कागद-पेन्सिल मिळे. स्वरलिपीच्या रेघा तिनं स्वतः आखल्या, आणि सुरुवातीला वाद्य नव्हतं तेव्हा नुसत्या गळ्यावर सूर धरून गाणी उतरवली. ‘अलोहा ओए’ हे गाणं तिचंच, १८७८चं. पाहुण्यांना निरोप देताना ते वाजतं, तेव्हा ही खोली किती जणांना माहीत असते?

१८८७ साली तिच्या भावाकडून, राजा कालाकाउआकडून, धाकदपटशानं राज्यघटनेवर सही घेतली होती. मालमत्तेची अट घालून कितीतरी हवाईयन लोकांचा मताचा हक्क त्यात काढून घेतला. राणी झाल्यावर ती ही घटना बदलायला निघाली, म्हणून १७ जानेवारी १८९३ला साखरमळ्यांशी लागेबांधे असलेल्या मंडळींनी तिला गादीवरून उतरवलं. आदल्याच दिवशी अमेरिकन युद्धनौकेवरचे सैनिक शहरात उतरले होते. रक्तपात नको म्हणून ती बाजूला झाली, पण आपण अमेरिकेच्या बळापुढे नमतोय, हे तिनं लेखी नोंदवलं. त्या प्रसंगी इतकं भान! मला तर ते वाचताना भरून येतं. दोन वर्षांनी तिच्या बाजूच्या लोकांनी उठाव केला, तो माहीत असून लपवला या आरोपावरून तिच्याच दरबारात खटला चालवून तिला शिक्षा दिली.

१८९७ साली एकवीस हजारांहून जास्त सह्यांचा विरोधअर्ज वॉशिंग्टनला गेला आणि हवाई अमेरिकेत विलीन करण्याचा तह बारगळला. पुढच्याच वर्षी साध्या ठरावानं बेटं घेतली. अमेरिकेनं माफी मागितली १९९३ साली. राणी १९१७लाच गेली होती. १९०९ साली तिनं आपल्या मालमत्तेचा विश्वस्त निधी केला, अनाथ मुलांसाठी. तो आजही चालतो.

एका बाजूचे टाके झाले. आईचं नाव आणि तारीख कुठल्या कोपऱ्यात घालायची, ते उद्या उजेडात बघेन.