टेकड्यांची नोंदवही: बाणेर पुसलं, पर्वती टिकली

पुण्यातल्या टेकड्यांवरच्या पक्षीनोंदींच्या पायथन प्रोग्रॅममध्ये आता प्रत्येक टेकडीला वेगळा फोल्डर केलाय. विंडोजवर, नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि सगळी स्मॉल लेटर्स. पाथ (फोल्डरचा पत्ता) आला की बॅकस्लॅश आला, आणि मागोमाग एस्केप कॅरेक्टर्स, म्हणजे बॅकस्लॅश आणि पुढचं अक्षर मिळून होणाऱ्या खास खुणा. म्हटलं, आधी गंमत बघू. प्रत्येक पाथ जसाच्या तसा अवतरणात टाकला आणि प्रिंट केला.

तळजाईचा टी गेला, टॅब आला. वेताळ टेकडीचा व्हर्टिकल टॅब झाला, रामटेकडीचा कॅरेज रिटर्न (कर्सर ओळीच्या सुरुवातीला). पण खरी मजा बाणेरची! डी, कोलन, बॅकस्लॅश, बाणेर. यातला बॅकस्लॅश-बी म्हणजे बॅकस्पेस. टर्मिनलवर कर्सर एक घर मागे सरकला, पुढचा ए कोलनवर बसला आणि स्क्रीनवर उरलं डी-ए-एन-ई-आर. नुसत्या प्रिंटवर विसंबलं तर कोलन गेला कुठे ते कळत नाही. तीच स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) न दिसणारी अक्षरंही उघड करणाऱ्या 'रेप्र' फंक्शनमधून काढली की मधला \एक्स08, म्हणजे बॅकस्पेसचा कोड, लख्ख दिसतो.

पर्वती आणि पाषाण मात्र धडधाकट. बॅकस्लॅश-पी असा एस्केपच पायथनमध्ये नाही, म्हणून बॅकस्लॅश तसाच राहतो. पायथनच्या 3.12 आवृत्तीपासून त्यावर सिंटॅक्स वॉर्निंग येते, 3.6 पासून डेप्रिकेशन वॉर्निंग ('हे पुढे चालणार नाही' अशी सूचना) होती, पण ती सहसा नजरेस पडायची नाही. चालतंय ना, मग राहू दे, हे मला पटत नाही.

दोन-दोन बॅकस्लॅश दिले की भागतं, पण लांब पाथ वाचायला नको वाटतो. अवतरणाआधी आर लावून रॉ स्ट्रिंग (बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवणारी) करावी, तर तिच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश चालत नाही. तो अवतरणाला चिकटतो आणि स्ट्रिंग बंदच होत नाही. सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरला. विंडोजवरही पायथन तो मुकाट्याने घेतो.

नोंदी जेसनमध्ये (डेटा साध्या मजकुरात साठवायची एक पद्धत) जातात. तिथे 'पुणे' लिहिलं की फाइलमध्ये \यू092ए\यू0941\यू0923\यू0947 अशी 24 अक्षरांची माळ. डेटा शाबूत असतो, वाचताना परत पुणेच मिळतं. पण मी फाइल नोटपॅडमध्ये उघडून चाळणारा माणूस. इंग्रजीबाहेरच्या अक्षरांचे असे कोड करणारा 'एन्शुअर आस्की' हा पर्याय फॉल्स (बंद) केला, फाइल उघडताना मराठी अक्षरं सांभाळणारं यूटीएफ-8 एन्कोडिंग दिलं, आता तांबट तांबटच दिसतो.

शेऱ्यातली अवतरणं ('काका म्हणाले, "मोर आत्ताच गेला"') जेसन लायब्ररी स्वतःच एस्केप करते. हाताने टाइप केलेल्या जुन्या फाइलींत तसं काही नाही, तिथे दुहेरी अवतरण आलं की स्ट्रिंग अर्ध्यातच संपते. पुढचं काम तेच.