डीपीएफवाल्या डिझेलचे ऑइल कधी बदलावे: अहवाल ‘नॉर्मल’, डिपस्टिक मात्र चढती

मागील नोंदीत ज्या गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे ऑइलमध्ये इंधन किती मिसळले आहे ते थेट मोजणाऱ्या चाचणीची, वाट पाहत असल्याचे लिहिले होते, तिचा निकाल हाती आला असून ऑइलमध्ये ४.३ टक्के डिझेल निघाले आहे. याच नमुन्याच्या पहिल्या अहवालावर ‘नॉर्मल, वापर चालू ठेवावा’ असा शेरा होता. बहुतेक प्रयोगशाळा डिझेलच्या मिसळीची धोक्याची रेषा २ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी आखतात हे लक्षात घेतले, तर १०,००० किलोमीटरपर्यंत हेच ऑइल ताणून पाहण्याचा आपला मूळ बेत आजपासून रद्द समजावा. ऑइल काल काढले. ते का काढावे लागले आणि पहिला अहवाल इतका निर्धास्त का होता, हाच या वेळचा मुख्य विषय आहे.

गाडीची माहिती जुन्या नोंदींत आहेच: दीड लिटरचे बीएस-६ डिझेल, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ, ५डब्ल्यू-३० एसीईए सी३ ऑइल (एसीईए सी हा डीपीएफला चालणाऱ्या, कमी राखेच्या ऑइलचा युरोपीय वर्ग) आणि रनिंग जवळजवळ सगळे कोथरूड, कर्वे रस्ता, डेक्कन या पट्ट्यातले. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत आहे. मात्र त्याच पुस्तिकेत मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ आणि तासन्‌तास रेंगाळणारी वाहतूक यांसाठी निम्म्या मुदतीचा वेगळा तक्ता असतो. पुण्यात गाडी चालवणाऱ्या कोणाला हा तक्ता लागू होत नाही, हे कळणे अवघड आहे.

आता त्या अहवालाविषयी. १०० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ११.२ सेंटिस्टोक होती. ३० ग्रेडची हद्द ९.३ पासून १२.५ च्या आतपर्यंत असल्याने हा आकडा सुखरूप दिसतो आणि नवे ऑइल १२.१ होते हे माहीत असूनही घट किरकोळच वाटते. टीबीएन, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची ऑइलची क्षमता, शाबूत होता, पाणी आणि कूलंट यांचा मागमूस नव्हता, सिलिकॉन कमी म्हणजे एअर फिल्टर नीट बसलेला होता. काजळी तेवढी दीड टक्क्याच्या पुढे गेली होती. असे असताना डिपस्टिकवरची पातळी मात्र महिन्यागणिक चढत होती, आणि इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या चेंबरमध्ये ते आपोआप वाढत नसते, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही.

कोडे सुटले ते काजळीच्या आकड्यावरून. डिझेलने ऑइल पातळ होते आणि काजळीने ते दाट होते. दोन्ही एकाच वेळी वाढत असतील तर व्हिस्कॉसिटीचा काटा जागचा हलत नाही. पिठल्यात पाणी जास्त झाले म्हणून वरून पीठ लावावे आणि पिठले जमले असे म्हणावे, तसा हा प्रकार आहे. मूळ पॅकेजमध्ये इंधनाची मिसळ थेट मोजलेलीच नव्हती. व्हिस्कॉसिटी हद्दीत आहे म्हणून शेरा अनुकूल लिहिला गेला. उरलेल्या नमुन्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ ज्या तापमानाला पेट घेते तो आकडा, पैसे भरून काढून घेतला तेव्हा तो नव्या ऑइलच्या मानाने बराच खाली आला होता आणि त्यानंतरच क्रोमॅटोग्राफीचा खर्च करावा असे ठरवले. ज्यांच्या गाडीला डीपीएफ आहे त्यांनी स्वस्त पॅकेज घेण्यापूर्वी त्यात इंधनाची मिसळ किंवा निदान फ्लॅश पॉइंट आहे की नाही हे विचारून घ्यावे. नसेल तर ते पैसे ऑइलवरच खर्च केलेले बरे.

मिसळ सिद्ध झाली तरी डिझेल येते कुठून हा प्रश्न उरतोच, आणि या प्रश्नाने माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला. संशयित दोन होते. पहिला म्हणजे गळणारा इंजेक्टर. दुसरा म्हणजे डीपीएफचे रीजन: फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागते, ते गाठण्यासाठी पॉवर स्ट्रोक संपत आल्यावर उशिराने थोडे डिझेल फवारले जाते आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीला लागून, रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरते. पेट्रोल असते तर लांबच्या प्रवासात गरम ऑइलमधून ते बरेचसे उडून गेले असते. डिझेलचा उत्कलनाचा पट्टा साधारण १८० ते ३६० अंशांचा, आणि चेंबरमधले ऑइल बहुतेक वेळ ९० ते ११० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे एकदा उतरलेले डिझेल बहुतांशी तिथेच मुक्काम करते.

हे दोन संशयित वेगळे कसे करावेत याचे उत्तर महागड्या उपकरणाने नव्हे, तर वहीने दिले. गळका इंजेक्टर रोज थोडे थोडे डिझेल सोडणार, म्हणजे पातळी सरळ रेषेत चढायला हवी, आणि महामार्गावर जास्त चालवल्यास ती जास्त चढायला हवी. रीजनचे डिझेल मात्र पायऱ्यापायऱ्यांनी चढणार. म्हणून पार्किंगमधल्या एकाच सपाट जागी, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पुसून, पुन्हा बुडवून, मोजपट्टीशेजारी धरून तिचे छायाचित्र घेत राहिलो आणि त्यासोबत प्रत्येक रीजनची नोंद ठेवली. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडल्यावर चित्र स्वच्छ झाले: साताऱ्याच्या फेऱ्यांत, म्हणजे खंबाटकी ओलांडून सलग वेगाने चालवताना, पातळी हललीच नाही, ती चढली ती नेमकी शहरात अर्धवट तुटलेल्या, म्हणजे पूर्ण होण्याआधीच गाडी बंद केलेल्या, रीजननंतरच. मेकॅनिकने इंजेक्टरच्या रिटर्नचे, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलचे, मापही घेतले आणि चारही नळ्यांत जवळपास सारखेच डिझेल आले. पहिला संशयित निर्दोष सुटला. त्या संध्याकाळी मला झालेला आनंद घरातल्या कोणालाही समजावून सांगता आला नाही.

तुटलेले रीजन इतके नडते याचे कारण असे की पुढच्या खेपेला थंड झालेला फिल्टर पुन्हा तापवण्यापासून सुरुवात होते, म्हणजे काजळी जळण्याआधीच नव्याने उशिराची फवारणी सुरू होते. आणि कमी लोडवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सिलिंडर पुरेसा गरम नसल्याने त्यातला जास्त भाग भिंतीला चिकटतो. रीजन ओळखण्यासाठी उपकरण नसले तरी चालते. आयडल थोडे वाढते, तत्काळ अॅव्हरेज एकदम पडते, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही आणि गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा घोंगावत राहतो. हा पंखा ऐकू आला की गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून यावे.

उपकरणांविषयी थोडे. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणाऱ्या ईएलएम३२७ ची अगदी स्वस्त नक्कल घेऊ नये, कारण ती साधे आकडे दाखवते; पण डीपीएफमधली काजळी आणि शेवटच्या रीजनपासूनचे अंतर हे कंपनीचे खास आकडे मागितले की अडखळते किंवा काहीतरीच दाखवते. नमुन्यासाठी डिपस्टिकच्या नळीतून ओढणारा हातपंप मात्र पैसे वसूल करणारा आहे. ऑइलच्या बाबतीत मी आता नाना पेठेतल्या ठरलेल्या घाऊक दुकानाबाहेर जात नाही. ऑनलाइन अवाजवी सवलतीत मिळणाऱ्या कॅनचे सील आणि छपाई पाहून शंका आल्याशिवाय राहत नाही. ‘सर्व डिझेल गाड्यांसाठी’ एवढेच लिहिलेले आणि एसीईए सी वर्गाचा उल्लेख नसलेले ऑइल डीपीएफच्या गाडीत घालू नये, ते कितीही दाट असो. सी३ मध्ये सल्फेटेड अॅश ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, कारण काजळी जाळता येते, राख जाळता येत नाही.

टीबीएनवर मुदत ठरवणाऱ्या मंडळींशी माझे जुने भांडण आहे, ते या अहवालाने आणखी पक्के झाले. एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचे इंधन आले. त्याआधी बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० पीपीएम होती. गंधक कमी, म्हणून आम्ल कमी, म्हणून टीबीएन सावकाश खर्च होतो. तो शाबूत दिसतो म्हणून ऑइल शाबूत आहे असे नाही. शिवाय कॅनच्या माहितीपत्रकावरचा टीबीएन एका पद्धतीने आणि वापरलेल्या ऑइलचा दुसऱ्या पद्धतीने काढलेला असेल तर ती तुलनाच गैरलागू ठरते.

मग मुदत कशाने मोजावी? माझा कल तासांकडे झुकू लागला होता. ट्रिप मीटरवर सरासरी वेग ताशी २० असेल तर १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ५०० तास; ताशी ६० असेल तर तेच अंतर सुमारे १६७ तासांत संपते. एकाच आकड्यात तिप्पट कष्टाचा फरक दडलेला असतो. झिजेतून ऑइलमध्ये आलेल्या लोहाचे पीपीएमही म्हणूनच नुसते न वाचता दर शंभर तासांमागे वाचायला हवेत. मात्र ही नोंद लिहीत असतानाच लक्षात येत आहे की आपल्या गाडीपुरते तासही दुय्यम आहेत आणि मुख्य मोजमाप तुटलेल्या रीजनचेच हवे. त्यामुळे वहीत आता किलोमीटर आणि तास यांच्याबरोबर ‘पूर्ण’ आणि ‘तुटलेले’ असे दोन नवे रकाने येत आहेत.

एक छोटे यश राहिलेच. काढलेल्या ऑइलचा थेंब प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून आणलेल्या फिल्टर पेपरवर टाकून रात्रभर ठेवला. मधे काजळीचा काळा गाभा, त्याभोवती करडा पट्टा आणि सर्वांत बाहेर उजेडात धरल्यावर दिसणारे फिकट, तेलकट कडे असा ठसा उमटला. नव्या ऑइलमध्ये मुद्दाम मोजून डिझेल मिसळून टाकलेल्या थेंबांशी ते कडे ताडून पाहिले तेव्हा ते चार आणि पाच टक्क्यांच्या ठशांमध्ये बसले. क्रोमॅटोग्राफीची जागा हा कागद घेणार नाही, पण दर महिन्याला पैसे न मोजता नजर ठेवायला पुरेसा आहे.

नवे ऑइल सी३ च भरले आहे, फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवा घातला आहे आणि पातळी कमाल खुणेच्या थोडी खाली ठेवली आहे. पातळी फार वर गेली तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून, ते इनटेकमध्ये जाऊ लागते, म्हणून ही जागा मुद्दाम राखली. मुदत ५,००० किलोमीटर धरली आहे. त्याआधी पातळी कमाल खुण ओलांडेल किंवा कागदावरचे कडे तीन टक्क्यांच्या ठशाइतके रुंद होईल, तर ऑइल त्याच आठवड्यात उतरेल. मध्यंतरी साताऱ्याच्या एका फेरीआधी आणि फेरीनंतर असे एकाच ऑइलचे दोन नमुने काढून दोन्हींची क्रोमॅटोग्राफी करून घेणार आहे, म्हणजे लांबच्या प्रवासात डिझेलचा हलका भाग थोडातरी उडतो की अजिबात नाही, हे आकड्यांत दिसेल.