घाटात गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी बुलेट

वैभववाडीहून करूळ घाट चढताना, गगनबावड्याच्या अलीकडे पॉइंटवाली (प्लगच्या ठिणगीसाठी करंट तोडणारा-जोडणारा स्विच म्हणजे पॉइंट) जुनी बुलेट मिसिंग करते, फटफट करून बंद पडते आणि अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू होते. लगेच कार्बोरेटर खोलू नका!

आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा 'स्स्' आवाज आला आणि गाडी चालू लागली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. बारीक तारेनं साफ करा, काम झालं.

तसं नसेल तर बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा (पॉइंटमधली ठिणगी आवरणारा छोटा भाग). पॉइंटचं झाकण काढून इंजिन चालू ठेवा आणि सावलीत बघा. पॉइंटमध्ये मोठी, सतत ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेला. थंड असताना मल्टिमीटरवर तो ठीक दाखवतो, गरम झाला की दगा देतो, म्हणून मोजत बसण्यापेक्षा बदलून बघणं बरं.

इंजिन बंद करून पॉइंट बघा. खड्डे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, पेट्रोलच्या फडक्यानं पुसा. तेलाचा अंशही राहू देऊ नका. मग प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर टॉप गियरला टाका, मागचं चाक हळू फिरवून पॉइंट पूर्ण उघडा आणि फीलर गेजनं (गॅप मोजायची पातळ पट्टी) ०.३५ ते ०.४० मिमी गॅप ठेवा. स्क्रू आवळताना गॅप सरकतो, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा मोजाच. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) हलतं, तेही तपासा.